टी-७२ च्या ड्रायव्हरचे कान

“फ्राउ शेळके, या मशीनमधून मला माझी बायको ऐकू येत नाही. गिरणी ऐकू येते, गिरणी!”

हेर, म्हणजे श्रीयुत, नॉयबर्टनी कानातली दोन्ही मशिनं काढून काउंटरवर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्यांदा म्हटलं की दारात छत्री मिटणारी बाई छत्री पुन्हा उघडून बाहेर निघून गेली. ते रागावलेले नव्हते. ते बोलायचेच तसे. त्यांच्याशेजारी त्यांची बायको रेनाटे उभी होती, हातात दोघांच्या टोप्या धरून. तिचा उजवा हात थरथरत होता म्हणून टोप्याही थरथरत होत्या. ती माझ्याकडे बघून फक्त ओशाळं हसली.

मी इंगोलश्टाटमध्ये कानांचं काम करते. पुण्यात ऑडिओलॉजी शिकले. नवऱ्याला इथे गाड्यांच्या धंद्यात नोकरी लागली म्हणून आले आणि इथे नव्याने आउसबिल्डुंग, म्हणजे कामाचं रीतसर शिक्षण, घेऊन दुकानात उभी राहिले. कान तपासायचे, मशीन बसवायचं आणि ते माणसाला मानवेपर्यंत त्याच्या मागे लागायचं. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं. आडनाव शेळके. जर्मनांना ते इथलंच वाटतं. फोनवर माझ्याशी खुशाल गप्पा मारतात आणि दुकानात आले की माझ्या खांद्यावरून मागे बघतात, फ्राउ शेळके कुठे आहेत म्हणून.

हेर नॉयबर्टनी मात्र तसं केलं नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांनी सरळ विचारलं होतं, “भारतातून आलात?”

“हो.”

“भारतात टी-७२ आहे.”

आता बोला! इतकी वर्षं जर्मनीत आहे. भारत म्हटल्यावर लोक मला योगाबद्दल विचारतात, करीबद्दल विचारतात, फार झालं तर हत्तीबद्दल. रणगाड्यावर कुणी आलं नव्हतं.

त्याचं झालं असं की मी त्यांची श्रवणतपासणी केली होती. त्यात कागदावर एक रेघ येते, तिला ऑडिओग्राम म्हणतात. डावीकडे जाडे, खर्जातले आवाज, उजवीकडे बारीक, चिरके आवाज. त्यांची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खाली गेली होती. अशी रेघ दिसली की आम्ही विचारतो, आयुष्यभर कसल्या गोंगाटात काम केलंत? ते म्हणाले, “आधी टँक, मग कारखान्यातलं प्रेस-शॉप.” पूर्व जर्मनी होती तेव्हा तिच्या फौजेत ते टी-७२ चे ड्रायव्हर होते. देश एक झाला, ती फौज संपली, तेव्हा पूर्वेकडच्या झाक्सन प्रांतातून इकडे बायर्न प्रांतात आले आणि कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांपाशी लागले. म्हणजे कानांना उभ्या जन्मात सुट्टी नाही.

मी म्हटलं, “माझे वडीलही टी-७२ चेच ड्रायव्हर होते.”

ते खुर्चीतून अर्धे उठले. “भारतीय टी-७२! म्हणजे आयेया!”

“काय?”

“आयेया. तुमच्याकडे त्याला आयेया म्हणतात.”

मला उजेड पडायला जरा वेळ लागला. जर्मनीत ‘जे’ अक्षर ‘य’ वाचतात. इंग्रजीत लिहिलेला ‘अजेय’ त्यांनी तसा वाचला होता. मी म्हटलं, “अजेय. ‘ज’. ज्याला कुणी जिंकू शकत नाही तो.”

“गेनाऊ, अगदी बरोबर! आयेया!” ते खूश होऊन म्हणाले.

मी सोडून दिलं. भाषेचा दोष, म्हटलं.

मग त्यांनी मला टी-७२ चं सगळं घराणं ऐकवलं. रशियाने एक टँक बनवला आणि अर्ध्या जगाला दिला. स्वतःसाठी चांगल्यातला ठेवला, दोस्तांसाठी ‘एम’ काढला, चिलखताला जरा हलका. मग ‘एम-वन’ आला, पुढून जास्त जाड. पोलंडने आणि चेकोस्लोव्हाकियाने परवाना घेऊन आपापल्या कारखान्यांत बनवला. युगोस्लाव्हियाने त्यात बदल केले आणि नावही बदललं. इराकला गेला, सीरियाला गेला, फिनलंडला गेला. भारताने एम-वन घरीच बनवायला घेतला आणि त्याचं नाव आयेया ठेवलं. मी हो-हो करत होते. यातलं बरंचसं मला लहानपणी जेवणाच्या ताटावर ऐकू आलेलं होतं, फक्त नगरच्या मराठीत.

तर त्या दिवशी मी त्यांना मशिनं लावून दिली. अशा कानांना व्यंजनं ऐकू येत नाहीत. स्वर जाडे असतात, ते पोचतात. स, त, फ, च ही बारीक मंडळी वाटेतच गळतात. म्हणजे ‘साप आला’ म्हटलं काय आणि ‘ताप आला’ म्हटलं काय, यांना दोन्ही सारखंच. अशी माणसं म्हणतात, “मला ऐकू सगळं येतं, लोक नीट बोलत नाहीत.” घरोघरी हेच वाक्य असतं, भाषा कुठलीही असो.

पण नॉयबर्टांच्या घरची गोष्ट जरा वेगळी होती. ती त्यांनी मला निघताना सांगितली, बायको कोट घालत होती तेव्हा. आवाज खाली आणून सांगत असल्याचा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात सगळ्या दुकानाने ऐकलं.

“रेनाटेला पार्किन्सन आहे. आवाज बसत चाललाय. लोगोपेडिन म्हणते, रोज बोललं पाहिजे, नाहीतर उरलासुरला आवाजही जाईल.” लोगोपेडिन म्हणजे बोलण्याचे व्यायाम घेणारी बाई. “रोज बोलायचं तर कुणाशी बोलणार ती? मुलगी लाइप्झिगला. घरात मी एकटा. आणि मला तिचं काही कळत नाही. मी दर वेळी ‘काय? काय?’ करतो. आता तिने बोलणंच सोडलंय, फ्राउ शेळके. मान हलवते नुसती.”

त्यांचे डोळे भरून आले. उंचनिंच, लाल चेहऱ्याचा माणूस, आणि टोपी कुठे गेली म्हणून खिसे चाचपत उभा. टोपी बायकोच्या हातात होती. मला फार वाईट वाटलं. या धंद्यात सगळ्यांचं मनाला लावून घेतलं तर जगणं मुश्कील होईल, पण काही जण लागतातच.

नुसत्या मशिनांनी त्यांचं भागेना. रेनाटेचा आवाज समोरासमोरसुद्धा कुजबुजीएवढाच. म्हणून पुढच्या भेटीत मी क्लिप माइक दिला. अंगठ्याएवढा असतो. बोलणाऱ्याने कपड्याला चिमट्याने लावायचा, आवाज थेट ऐकणाऱ्याच्या कानात पोचतो, मधल्या खोलीचा संबंधच नाही. मी स्वतः तो रेनाटेच्या कोटाला लावला. तिला दूर खिडकीशी उभं केलं आणि काहीतरी म्हणायला सांगितलं. ती ओठ हलवून काहीतरी पुटपुटली. नॉयबर्ट ओरडले, “ब्र्योट्शेन! ब्र्योट्शेन घ्यायचेत म्हणते!” घरी जाताना पाव घ्यायचे होते. दोघं अशी हसली की विचारू नका. मला वाटलं, झालं काम.

कसलं झालं! चार दिवसांत फोन. खरखर येते. पुन्हा बोलावलं, दुकानात तपासलं, उत्तम चालतंय. घरी गेले, पुन्हा खरखर. पुन्हा दुकानात, पुन्हा उत्तम. आणि आज ही गिरणी.

दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, यासारखा दुसरा वैताग आमच्या धंद्यात नाही. मी माइक बदलून पाहिला. बॅटरी, सॉफ्टवेअर, सगळं पाहिलं. घरी जाड लोखंडी दारं आहेत का विचारलं, नव्हती. ते मशीन लावतच नसतील अशीही शंका घेतली. कानातलं मशीन किती वापरलं ते आम्हाला कॉम्प्युटरवर दिसतं. हे गृहस्थ सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावत होते, रोज, त्या खरखरीसकट. म्हणजे बिचारे प्रामाणिक.

आमची माइस्टरिन, म्हणजे दुकानाची मुख्य, फ्राउ मोनिका हियर्ल. मनाने चांगली, बोलायला सुरीसारखी. ती दोघं गेल्यावर म्हणाली, “हा शुब्लाडेनफाल आहे. परत घे ती मशिनं.”

शुब्लाड म्हणजे ड्रॉवर. जे मशीन आज ना उद्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडणार त्या गिऱ्हाइकाला आमच्यात असं म्हणतात.

“तो रोज लावतोय, मोनिका. ड्रॉवरवाले लावत नाहीत.”

“त्याला टँकचं ऐकून ऐकून आता बाईमाणसाचा आवाज कळतच नसेल. मेंदू विसरतो.”

“दुकानात कळला की. पावसुद्धा आणले त्यांनी.”

“आल्झो, मग काय करणार आहेस?”

“घरी जाऊन बघते.”

“आपण घरी जातो ते अंथरुणाला खिळलेल्यांकडे. हा चालत येतो.”

“शनिवारी जाईन. माझ्या वेळात.”

तिने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. “तुझ्या बापासारखा वाटतो का तुला?” मग तीच म्हणाली, “जा बाई. पण सोमवारी मला हो किंवा नाही सांग.”

माझ्या बापाचं म्हणाल तर ते नगरला असतात आणि दोन्ही कानांनी ठार बहिरे आहेत. मी भारतातून निघताना त्यांना स्वतःच्या हाताने मशीन बसवून आले होते. अण्णा ते लग्नाकार्यात घालतात, घड्याळासारखं. बाकी वेळ आई त्यांचं मशीन असते. मी व्हिडिओ कॉल केला की आईशी बोलते आणि आई ते त्यांच्या कानात ओरडते.

त्या शुक्रवारी कॉल लावला आणि आईला म्हटलं, “अण्णांना सांग, इथे एक जर्मन गिऱ्हाईक आलंय, ते पण टी-७२ चे ड्रायव्हर होते.”

“अहो! आपल्या मनीकडं एक जर्मन आलाय! टी-बहात्तर चालवायचा म्हणं!”

अण्णांनी तिच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावला. स्क्रीनवर नुसतं कपाळ. “कोणतं मॉडेल त्याचं? एम का एम-वन?”

“दोन्ही!” मी ओरडले. माझ्या ओरडण्याने शेजारच्या खोलीतून नवरा डोकावून गेला.

“आम्हाला पहिल्यांदा रशियातून आलेले मिळाले. मंग आवडी गावच्या कारखान्यात बनलेले आले, अजेय. त्याला म्हणावं, रेतीत चालवून दाखव! थंडीत काय, कुणीबी चालवतं.” अण्णा राजस्थानात वर्षानुवर्षं होते. त्यांची छाती अशी फुगलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. “त्याला विचार, डोकं आपटायचं का हॅचला? सगळ्यांचंच आपटायचं. पुढं एकटा असतो ना ड्रायव्हर, गनच्या खाली. कमांडर अन् गनर मागं, वर. तोंड दिसत न्हाई कुणाचं. नुसता आवाज कानात.”

“आवाज नीट यायचा का हो, एवढ्या इंजिनात?”

आईने ते तीनदा ओरडून पोचवलं.

“यायचा की! थ्रोट माइक असायचा. गळ्याला दोन बटणं, वर पट्टा. घट्ट बांधायचा, लूज ऱ्हायला की नुसती खरखर. तोंडापुढं माइक ठेवला तर इंजिनच शिरंल त्यात. गळ्यातून घेतला की फक्त माणसाचा आवाज. पार कुजबुजलं तरी पोचायचं.”

“आणि शब्द कळायचे?”

अण्णा हसले. “शब्दच किती गं! पुढं चल, थांब, डावा, उजवा, मागं घे. पाठच असायचे. घोगरं आलं तरी कळायचं. गप्पा न्हाई मारता यायच्या त्याच्यावर. एकदा कमांडरसायेब म्हनले, माझ्या पोराला ताप आलाय. मी काय ऐकलं कुणास ठाऊक, गाडी थांबवली!”

आई पदर तोंडाला लावून हसत होती. ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली असणार. मी पण हसले, आणि हसता हसता कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! म्हटलं, हे नॉयबर्ट बायकोच्या गळ्याला तर बांधत नसतील ना तो माइक?

शनिवारी गेले. तिसऱ्या मजल्यावरचं छोटं, लख्ख घर. नॉयबर्टनी दार उघडलं आणि जिना दणाणेल असं “ग्र्यूस गॉट” म्हणाले. झाक्सनचा माणूस, पण इतक्या वर्षांत बायरिश नमस्कार शिकला होता. बैठकीत भिंतभर कपाट, आणि लोक जिथे चिनी मातीचे कप मांडतात तिथे काचेआड टी-७२. हातभर नाही, वीतभर लांबीचे, सगळे त्यांनी स्वतः चिकटवून रंगवलेले. पूर्व जर्मनीचा हिरवा. पोलंडचा, चेकांचा, हंगेरीचा. युगोस्लाव्हियाचा. इराकचा, वाळूच्या रंगाचा. फिनलंडचा, अंगावर तीन रंगांचे ठिपके.

“हा कदाचित माझाच,” ते फिनलंडच्या टँककडे बोट दाखवून म्हणाले. “आमची फौज मोडली तेव्हा काही फिन लोकांनी घेतले. बाकीचे कापून भंगारात. मी असं धरून चाललोय की माझा फिनलंडला गेला.” मग जरा थांबून म्हणाले, “आधी मला हे कपाट बघून मजा वाटायची. आता टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या की दोन्ही बाजूंना हेच दिसतात, जळालेले. पुढच्या सीटवर ड्रायव्हर असतो, ते मला माहीत आहे. मी टीव्ही बंद करतो.”

अजेय मधल्या फळीवर होता, वाळूच्या रंगावर हिरवे पट्टे. मी काचेतून बघत उभी राहिले. अण्णांचा एक फोटो आहे असल्याच गाडीवर बसलेला, दात काढून हसताना. मला एकदम घरची आठवण आली.

तेवढ्यात रेनाटे स्वयंपाकघरातून आली. गळ्याला निळा स्कार्फ, गच्च गुंडाळलेला. बाहेर ऊन होतं, घरात गरम होत होतं.

मी म्हटलं, “फ्राउ नॉयबर्ट, स्कार्फ काढता का जरा?”

तिने नवऱ्याकडे बघितलं. मग हळूहळू सोडला. खाली पांढऱ्या इलॅस्टिकचा पट्टा, आणि त्यात शिवून टाकलेला माझा क्लिप माइक, बरोबर कंठावर दाबून बसवलेला. टाके इतके नेटके की मी बघत राहिले. तिने घोट गिळला तर माइक वरखाली झाला.

“मी शिवलं,” नॉयबर्ट अभिमानाने म्हणाले. “पायजम्याचं इलॅस्टिक आहे. दुकानात यायचं असलं की उसवतो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, आणि घरी गेलो की पुन्हा शिवतो. तुम्ही तो कोटाला लावला होता, पण ते चुकीचं आहे, फ्राउ शेळके. आमच्याकडे टँकमध्ये केलकोफमिक्रोफोन असायचा, गळ्याचा. कितीही हळू बोला, पोचायचं. हिचा आवाज एवढासाच राहिलाय. म्हटलं तोंडापर्यंत येईतो वाया जायला नको, गळ्यातूनच घ्यावा.”

मला हसू यावं की रडू, कळेना. त्या माणसाने बायकोच्या उरलेल्या आवाजातला थेंबही सांडू नये म्हणून रात्रंदिवस डोकं चालवलं होतं, आणि त्यामुळेच तो सगळा सांडत होता. आणि रेनाटेला वाटत होतं, हे माझंच सांगणं असेल. तिने सांगितलं असतं, पण ऐकणार कोण?

“बसा,” मी म्हटलं. दोघंही बसली.

“हेर नॉयबर्ट, गळ्यात आवाज तयार होतो. शब्द तिथे तयार होत नाहीत. शब्द तोंडात होतात, जिभेने, दातांनी, ओठांनी. तुमच्या कानांना जी अक्षरं मुळातच कमी येतात ना, ती सगळी ओठांपाशी होतात. गळ्यावर माइक लावला की ती त्यात येतच नाहीत. येतो तो घोगरा हुंकार, आणि स्कार्फ घासल्याची खरखर. आणि तुमच्या त्या माइकची बटणं गळ्याची थरथर पकडायला बनवलेली होती. हा बिचारा हवेतला आवाज पकडतो.”

“टँकमध्ये कळायचं.”

“टँकमध्ये तुम्हाला काय ऐकायला यायचं?”

त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, “पुढे. थांब. डावीकडे. उजवीकडे. मागे.”

“माझ्या वडिलांनाही हेच यायचं. हेच पाच-दहा शब्द. आधीच पाठ असलेले. हुकूम असे कळतात. पण तुमची बायको पुढचं काय बोलणार आहे, ते तुम्हाला आधी माहीत असतं का?”

“नाही,” ते म्हणाले. “कधीच नव्हतं.”

मी कात्री मागितली. टाके उसवायला त्यांनीच मदत केली, एकेक टाका, मान खाली घालून. रेनाटेच्या थरथरत्या हाताला चिमटा जमत नव्हता, म्हणून माइक एका मऊ दोरीला लावून तिच्या गळ्यात घातला, मंगळसूत्रासारखा. छातीवर, हनुवटीच्या एक वीत खाली, तोंड वर ओठांकडे. तिला स्वयंपाकघरात पाठवलं आणि दार लावायला सांगितलं. जाण्याआधी तिच्या कानात एक शब्द म्हणून दाखवला. तिला आधी कळेना, मग मी सांगितलं, जंगलाला नाही का म्हणत तुम्ही ‘द्शुंगेल’, त्यातला ‘द्श’.

दार लागलं. मला बैठकीत काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. नॉयबर्ट भुवया उंचावून बसले होते.

“आ... द्शे... या,” ते म्हणाले. “मध्ये ‘द्श’ आहे. आजेया?” आणि कपाटाकडे वळून बघायला लागले. “फ्राउ शेळके, त्याचं नाव आयेया नाही?”

“नाही. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला ‘ज’ पोचला नव्हता.”

म्हणजे त्या दिवशी भाषेचा दोष नव्हता. कानांचाच होता, आणि मी कानांची बाई असून सोडून दिलं होतं. असो.

मी दाराशी जाऊन रेनाटेला म्हटलं, “आता तुम्हाला हवं ते बोला. मनाला येईल ते.” आणि पुन्हा येऊन बसले.

मी फक्त त्यांचा चेहरा बघत होते. आधी काहीच नाही. मग ते एकदम ताठ झाले. मग तोंड उघडं पडलं. मला वाटलं, पुन्हा खरखर.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणते, डीटर, ओरडू नकोस.”

ते माझ्याकडे वळले. “मी ओरडतो?”

“हो,” मी म्हटलं.

“नेहमी?”

“नेहमी.”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ती आणखी बोलत होती. बराच वेळ बोलत होती. त्यांनी दोन्ही तळवे कानांवर ठेवले, मशिनं पडू नयेत म्हणून धरावीत तसे. “विचारतेय,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला, “विचारतेय, तू माझ्यावर कशासाठी रागावला आहेस इतके दिवस. मी आजारी पडले म्हणून का?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. दुसरं काय करणार?

“मी रागावलो नव्हतो,” ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू म्हणाले. इतकं हळू की माझ्यापर्यंतही जेमतेम पोचलं, दाराआड तर नाहीच. मग त्यांच्या लक्षात आलं की माइक एकाच बाजूने चालतो. ते उठले, दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले. “रेनाटे, मी रागावलो नव्हतो गं. मला वाटलं, तुलाच माझ्याशी बोलायचं नाहीये.”

ती ओट्याला टेकून उभी होती, ओठ हलत होते, गाल ओले होते. ते मान हलवत ऐकत होते. “काय?” एकदाही म्हणाले नाहीत. मी माझी बॅग भरली, कात्री जागेवर ठेवली, बूट घातले. कुणाचं लक्षच नव्हतं. दार ओढून घेताना नॉयबर्ट म्हणत होते, “लिन्झेनझुप्पे आवडत नाही? पण मी तर दर आठवड्याला करतो!” मसुरीचं सूप. बाईने इतके दिवस मुकाट्याने खाल्लं होतं.

सोमवारी फ्राउ हियर्लला म्हटलं, “हो.” तिने कारण विचारलं. मी पायजम्याच्या इलॅस्टिकची गोष्ट सांगितली. ती आधी पोट धरून हसली आणि मग चष्मा पुसत बसली. अण्णांनाही सांगितली, आईमार्फत. ते म्हणाले, “शिवला कसा पण त्यानं, घट्ट ना?”

नॉयबर्ट नंतर सेटिंग बघायला आले तेव्हा रेनाटे बरोबर होती, माइक गळ्यात. लोगोपेडिन खूश आहे म्हणाले. आवाज मोठा झालेला नाही, तो होणारही नाही. पण कमीही झालेला नाही. “दिवसभर बोलते,” त्यांनी माझ्याकडे तक्रार केली, अगदी साध्या माणसाच्या आवाजात. “माझा शर्ट, माझी दाढी, माझं सूप, शेजारीण, लाइप्झिगचा जावई. दिवसभर!” तक्रार करताना चेहरा असा की पेढे वाटायला आलेत. आमच्या धंद्यात हीच खूण मानतात. गिऱ्हाईक ‘छान ऐकू येतं’ म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. बायको काय कटकट करते ते शब्दन् शब्द सांगायला लागलं की मशीन बसलं.

तर वाचकांसाठी कामाचं एवढंच. क्लिप माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावावा, गळ्याला टेकवू नये, वर स्कार्फ घेऊ नये. आणि घरातलं माणूस सारखं ओरडत असेल तर आधी त्याचे कान तपासून घ्या. भांडण काय, नंतरही करता येतं.